खुंटीवरचा बॅज

“मॅरो जवळजवळ रिकामा आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आम्हाला नीट कळावं म्हणून त्यांनी एक कागद उलटा केला आणि त्यावर दोन चौकोन काढले. पहिल्यात पेनाने ठिपकेच ठिपके भरले. दुसऱ्यात इकडेतिकडे चार दिले आणि पेन खाली ठेवलं. पहिला चौकोन कुठल्याही धडधाकट माणसाचा होता. दुसरा माझ्या धाकट्या भावाचा, नेल्सनचा.

बोन मॅरो म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज. रक्तातल्या लाल पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, सगळ्या तिथे तयार होतात. त्याचा कमरेच्या हाडातून काढलेला नमुना त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्यात पेशींऐवजी नुसती चरबी दिसत होती.

मॅडमनी एकेक विचारायला सुरुवात केली. वाडीत कसली फवारणी करता का? कुठली गोळी नव्याने सुरू केली होती का? कामावर किरणांशी संबंध येतो, किरण मोजणाऱ्या बॅजचा रिपोर्ट तर स्वच्छ आहे, तरी काही झालं होतं का? नेल्सनने उशीवर डोकं हलवलं. “नाय मॅडम. काहीच नाय.”

मी बाजूलाच उभी होते आणि त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. ज्यांच्या घरात असा आजार आलाय किंवा उद्या येईल त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. आमचा आजार तसा दुर्मीळ. पण त्या एका ‘काहीच नाय’ने जे होऊ घातलं होतं, ते कुठल्याही आजारात कुठल्याही घरात होऊ शकतं.

आम्ही मूळचे गास गावचे. बाबांची भाजीची आणि फुलांची वाडी आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न करून विरारला चंदनसारला फ्लॅटमध्ये राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. नेल्सन याच्या अगदी उलट. लहानपणी सायकलवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं, तेही आम्हाला हात सुजल्यावर कळलं. कसा आहेस विचारलं की ‘बरंय’. बाबाही तसेच. दोघं घरात असले की भिंतींशी बोलल्यासारखं वाटतं.

तो रेडिओग्राफर होता. म्हणजे दवाखान्यातला नव्हे, लोखंडाचा. कामणच्या बाजूला मोठमोठ्या टाक्या बनवणारे कारखाने आहेत. टाकीचा जोड आतून पक्का आहे की नाही हे पाहायला त्याचा किरणांनी फोटो काढतात. त्यासाठी एक जड पेटी असते आणि पेटीत करंगळीच्या पेराहून छोटा असा किरण सोडणारा तुकडा. त्याला ही मंडळी ‘सोर्स’ म्हणतात. केबलने तो लांब नळीतून जोडापर्यंत ढकलायचा, फोटो घ्यायचा आणि परत ओढून पेटीत बंद करायचा. छातीवर टीएलडी बॅज लावायचा, म्हणजे एक छोटा बिल्ला, ज्यात अंगावर किती किरण पडले त्याची नोंद साठत जाते. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. माझा भाऊ कारखान्यात जातो, एवढंच माहीत होतं.

पावसाळा सरत आला असताना एका संध्याकाळी तो कामावरून येऊन उलट्या करत राहिला. बाबांना वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. दोन दिवसांत तो ठीक झाला. वाडीत बांध घातले, केळीचे घड उतरवले, रविवारी चर्चमध्ये मिस्साला आला. मी त्याला पाहिलं तेव्हा थोडा ओढल्यासारखा दिसला, पण जेवला नीट.

मग दोनेक आठवड्यांनी ताप आला. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. जवळच्या हॉस्पिटलात प्लेटलेट कमी निघाल्या आणि सगळ्यांनी एकच शब्द उच्चारला, डेंग्यू. त्या दिवसांत आमच्याकडे घराआड डेंग्यूचा पेशंट होता, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा ती कधीकधी चुकते असं सांगण्यात आलं. बाबांनी वाडीतल्या पपईचा पाला तोडला, वाटून त्याचा रस काढला आणि सकाळ-संध्याकाळ त्याला पाजला. आमच्या भागात प्लेटलेट उतरल्या की हे घरोघर करतात. मीही करा म्हटलं. पांढऱ्या पेशी संपलेल्या माणसाला कच्चा पाला, त्यावरची माती आणि माश्या जिवावर बेतू शकतात, हे कळल्यावर बाबा कितीतरी दिवस आपल्या हातांकडे बघत बसायचे.

पांढऱ्या पेशी मोजण्याइतक्याही उरल्या नाहीत, तेव्हा आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथेच ते दोन चौकोन निघाले. मॅडम रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर, हिमॅटोलॉजिस्ट. त्यांनी आजाराचं नाव अप्लास्टिक अ‍ॅनिमिया असं सांगितलं, म्हणजे मॅरोने काम बंद करणं. बहुतेक वेळा कारण सापडत नाही, म्हणाल्या. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच मॅरोवर उलटते असं धरून चालतात आणि ती यंत्रणा दाबून टाकणारी औषधं देतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात. तोवर जंतुसंसर्ग झाला नाही तर.

त्या ‘तर’ची मला इतकी भीती वाटली की घरी आल्यावर मी दाराची कडी, नळ, फोन, सगळं पुसत सुटले. जणू नेल्सन चंदनसारच्या घरातच झोपला होता.

त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. एका वेळी एकच माणूस आत, तेही हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन-मास्क घालून. फुलं नाहीत, कच्चं फळ नाही, घरचा डबा नाही. औषधं सुरू व्हायची त्या दिवशी दुपारी मी ओल्या कपड्याने त्याचं अंग पुसत होते. त्याला कुशीवर वळवलं आणि कमरेच्या वर मला एक डाग दिसला. तळहाताहून मोठा, तांबूस-काळपट, कडेला कातडी सुटत आलेली. नर्सने पाहिला होता. झोपून झोपून झालं असेल असं त्यानेच तिला सांगितलं होतं.

मी विचारलं, हे कधीपासून आहे. ‘बाकड्याला घासलं’ म्हणाला. कुठल्या बाकड्याला, विचारलं. गप्प. माझा आवाज चढला. मास्कच्या आत मला स्वतःचाच श्वास गरम लागत होता. मी म्हटलं, तू असाच गप्प राहिलास तर मी तुला शवपेटीत घालून गासला नेणार आहे, हे तुला कळतंय का. एवढं वाईट मी कुणालाच कधी बोलले नव्हते.

तो भिंतीकडे तोंड करून बोलला. “ताई, सोर्स पेटीत गेलाच नव्हता. नळीतच सुटून पडलेला. नळी बाकड्याखाली होती, आणि मी वर झोपलो होतो.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी केबल पूर्ण परत आली, म्हणून त्याला वाटलं सोर्स आत आला. किरण मोजणारा मीटर लावून खात्री करायची असते. मीटर दुसऱ्या गटाकडे होता. क्रेन मोकळी व्हायची होती, म्हणून तो दुपारभर त्या बाकड्यावर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मीटर आला आणि ओरडू लागला. मग पेटी पुरवणाऱ्या कंपनीची माणसं आली, सोर्स सोडवला, सगळ्यांचे बॅज तपासणीला गेले. सगळे स्वच्छ. म्हणजे कागदोपत्री जवळ कोणीच नव्हतं.

बॅज स्वच्छ होते कारण ते ऑफिसातल्या खुंटीवर होते. ही तिथली रीतच पडून गेली होती. बॅजवर आकडा चढला की त्या माणसाला काही काळ साइटवरून बाजूला बसवतात. बाजूला बसायला नको, म्हणून सगळे आल्या आल्या बॅज खुंटीला लावायचे आणि जाताना छातीवर. ज्या वस्तूने त्यांना वाचवायचं तिच्यापासूनच ते लपत होते. माणसं मूर्ख नव्हती. रोज काही होत नव्हतं, म्हणून कधीच काही होणार नाही असं त्यांना वाटत होतं.

मी बोललो तर सगळ्यांची वाट लागेल, म्हणाला. सगळ्यांमध्ये सायमन होता, आमच्या आळीतला, नेल्सनला या कामाला लावणारा. कोणाला सांगणार नाही अशी नेल्सनने माझ्याकडून आईची शपथ घेतली. मी घेतली. तो झोपला आणि मी बाहेर स्टीलच्या खुर्चीवर येऊन बसले.

तिथे मी किती वेळ बसले कोण जाणे. मला सायमनची दोन मुलं दिसत होती. बाबांना आळीतून चालायचं आहे हे दिसत होतं. हा बरा झाला तर माझं तोंड बघणार नाही हेही दिसत होतं. पण त्या सगळ्याआधी मला आमच्या चर्चच्या मागचं, आईच्या कबरीशेजारचं रिकामं गवत दिसलं. मी उठले आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी समोरचा औषधांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, “बरं झालं आत्ता आलात. संध्याकाळी मी त्याला जी औषधं देणार होते, ती त्याच्या उपयोगाची नाहीत.”

नेल्सनच्या मॅरोवर त्याचं शरीर उलटलं नव्हतं. किरणांनी मॅरोतलं बियाणंच जळालं होतं. या बियाण्याला स्टेम सेल म्हणतात, म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या बाकी सगळ्या पेशी उगवतात त्या मूळ पेशी. उरलंसुरलं बियाणं तगलं असेल तर वाढीची इंजेक्शनं देऊन वाट बघायची. नसेल तर दुसऱ्याचं बियाणं आणून पेरायचं, म्हणजे स्टेम सेल ट्रान्सप्लांट. रक्तातल्या गुणसूत्रांची एक खास तपासणी त्यांनी मागवली. किरणांनी तुटलेली गुणसूत्रं वेडीवाकडी जुळतात, त्यावरून डोस किती बसला याचा अंदाज बांधता येतो. बॅजने जे सांगायचं ते त्याच्या रक्ताने सांगितलं. डोस मोठा होता.

नेल्सनला मॅडमनी स्वतः सांगितलं. मी आत गेले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर तो माझ्याशी बोलला ते पाणी, उशी, पंखा एवढंच.

कारखान्यात सरकारी तपासणी आली. काम बंद पडलं, सायमन घरी बसला. आमच्याकडे कुणी आजारी असलं की संध्याकाळी आळीतले लोक घरी जमून रोझरीची प्रार्थना म्हणतात. आमच्या ओटीवरची माणसं एकेक करत कमी झाली. बाबा मला फोनवर एवढंच म्हणाले, “बाय, कोनाला न विचारता बोललीस?” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, बरंय, आणि फोन ठेवला. त्या ‘बरंय’चा अर्थ मला आजही लागलेला नाही.

वाट बघण्याचे दिवस सगळ्यात वाईट. रोज सकाळी रक्त घ्यायचं, दुपारी आकडा यायचा, आणि तो कालच्यासारखाच असायचा. वेटिंग रूममध्ये आम्ही नातेवाईक एकमेकांना पेशंटच्या नावाने नव्हे, काउंटने ओळखायला लागलो होतो. एक दिवस प्लेटलेटसाठी दाता हवा होता आणि खाली रक्तपेढीत मला सायमन दिसला. त्याच्या हाताला मशीन लावलेलं होतं. त्याने मला पाहिलं, मान खाली घातली. काम झाल्यावर वर न येता निघून गेला. मी नेल्सनला सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

वाढीच्या इंजेक्शनांनी काही उगवलं नाही. मग एचएलए टायपिंग केलं, म्हणजे दात्याच्या आणि पेशंटच्या पेशींची ओळखखूण जुळते का ते पाहणं. माझी पूर्ण जुळली. सगळे म्हणाले देवाची कृपा. मीही म्हटलं. आणि त्याच दिवशी मॅडमनी मला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट समजावलं. दात्याच्या पेशी नव्या शरीरात रुजतात, पण कधीकधी त्या शरीरालाच परकं समजून त्याच्यावर हल्ला करतात. कातडी, यकृत, आतडी. सौम्य असलं तर औषधांनी आटोक्यात येतं. उशीर झाला तर माणूस जातो.

मला त्यानंतर ही एकच भीती उरली. बाकीच्या भीती डॉक्टरांच्या हातातल्या होत्या. ही माझ्या रक्तातली. मी त्याला आयुष्यभर बोलबोल बोलले, आता आतूनही त्याला छळणार, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

दात्यांनी घाबरू नये म्हणून सांगते, देणं अवघड नाही. काही दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, म्हणजे मॅरोतल्या स्टेम सेल रक्तात उतरतात. तेव्हा कंबर आणि मांड्यांची हाडं दाढ ठणकावी तशी ठणकतात. मग मशीनला बसायचं. एका हातातून रक्त जातं, मशीन त्यातल्या हव्या त्या पेशी वेचून घेतं, बाकीचं दुसऱ्या हातात परत येतं. शेवटी टोमॅटोच्या पातळ सारासारखी एक पिशवी भरली. एवढ्यासाठी एवढं, असं वाटलं.

त्याच्या शरीराने माझ्या पेशी नाकारू नयेत म्हणून नेल्सनला आधी सौम्य केमो दिली होती. पिशवी साध्या रक्तासारखी सलाइनच्या नळीतून चढवली. काचेबाहेर मी आणि बाबा उभे होतो. बाबांच्या हातात जपमाळ होती, पण ओठ हलत नव्हते. नेल्सन छताकडे बघत होता. पिशवी संपली तेव्हा त्याने एकदा काचेकडे पाहिलं आणि पुन्हा नजर वळवली.

मग तोंड आतून सोलवटलं, त्याला थुंकीही गिळवेना. ताप चढला. एक दिवस तो मला ‘आई’ म्हणाला आणि मी ‘हं’ म्हटलं. त्या दिवशी मी जिना उतरताना मध्येच बसले आणि देवाशी सौदा केला. हा मला जन्मात एक शब्दही न बोलो, पण जगो. मी मनापासून बोलले होते. आजही तो सौदा मला मंजूर आहे.

एका सकाळी नर्सने फळ्यावर न्यूट्रोफिलचा आकडा लिहिला. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंवर सगळ्यात आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी. आकडा छोटाच होता. दुसऱ्या दिवशी वाढला, तिसऱ्या दिवशी आणखी. मॅडमनी एन्ग्राफ्टमेंट हा शब्द वापरला. बाबांकडे वळून म्हणाल्या, “रोप धरलं, काका.” एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच डॉक्टरांचं बोलणं बाबांना समजावून सांगावं लागलं नाही.

घरी सोडताना गासला जायला मनाई होती. वाडीतल्या मातीत, कुजलेल्या पाल्यात बुरशी असते, ती त्याच्या फुप्फुसात गेली तर सगळं व्यर्थ. म्हणून तो माझ्याकडे चंदनसारला आला. मुलांची खोली त्याला दिली. मुलं हॉलमध्ये झोपू लागली आणि शाळेतून आली की आधी आंघोळ करू लागली. बाबा आले की बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलायचे आणि मग खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. दोघं तासन्‌तास गप्प. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, काहीतरी बोला रे. ‘बरंय,’ दोघांपैकी कोणीतरी म्हणायचं.

मी रोज चोरून त्याची कातडी बघायचे. मान, कपाळ, पायाचे तळवे. तो लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, थंडी वाजते म्हणून.

मग एका तपासणीला आम्ही गेलो. रिपोर्ट चांगले होते. त्याच्या रक्तात आता बहुतेक सगळ्या पेशी माझ्याच निघाल्या. मॅडमनी नेहमीचं विचारलं. जुलाब? नाही. ताप? नाही. आणखी काही? त्याने मान हलवली. मी पिशवी उचलली, खुर्ची मागे सरकवली. नेल्सन उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

“मॅडम, एक आहे,” म्हणाला, आणि त्याने बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर बारीक लालसर पुरळ होतं. तळव्यांवरही. “चार-पाच दिवस झाले. खाजतंय. मी कोणाला बोललो नाय.”

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं, बोटाने दाबलं, डोळे पाहिले. जी भीती मी इतके दिवस उराशी घेऊन होते, तीच होती. माझ्या पेशी त्याच्यावर उलटल्या होत्या. पण सुरुवात होती. आत्ता आलात म्हणून गोळ्या आणि मलमावर भागेल, त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लिहायला घेतलं.

औषधांच्या रांगेत उभी असताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, चार दिवस हे पुरळ घेऊन माझ्या घरात होतास, मला का नाही सांगितलंस.

नेल्सनने मास्क थोडा खाली ओढला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याकडे बघून बोलत होता.

“तुला सांगितलं असतं तर तू सांगून टाकलं असतंस, ताई,” तो म्हणाला. “या वेळी मला सांगायचं होतं.”